गाण्याची झडती

धानाच्या पोत्यांचा एक गुण शेतकऱ्याच्याही सहसा ध्यानात येत नाही. पोती आवाज गिळतात. दिवाळीनंतर आमच्या मागच्या खोलीत तीन भिंतींना छतापर्यंत थप्प्या लागल्या की तिथं बोललेला शब्द घुमत नाही. तोंडातून निघतो आणि जागच्या जागी कोरडा पडतो. नागपूरच्या स्टुडिओत याच कामासाठी भिंतींना फोम चिकटवलेला असतो आणि तासाचे पैसे मोजावे लागतात. आमचा फोम बांधीत पिकतो. अडचण एवढीच, की आधारभूत धान खरेदी केंद्रावर आमचा नंबर लागला की पोती ट्रॅक्टरवर चढतात आणि अख्खा स्टुडिओ सरकारला विकला जातो. म्हणून आमच्या पॉडकास्टचे हिवाळ्यातले भाग स्वच्छ ऐकू येतात आणि उन्हाळ्यातले विहिरीतून आल्यासारखे.

आम्ही म्हणजे मी आणि माझा मावसभाऊ. गाव कोंढा, तालुका पवनी, जिल्हा भंडारा. शेजारच्या कोसऱ्याला धरून लोक एका दमात 'कोंढा-कोसरा' म्हणतात. माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. मावसभाऊ झाडीपट्टीच्या नाटकांत ऑर्गन वाजवतो. दिवाळी ते होळी तो वडशाच्या एका नाटक कंपनीबरोबर फिरतो, उरलेलं वर्ष भजनात आणि वरातीत. 2023 साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा मुंबई-पुण्याच्या वर्तमानपत्रांना झाडीपट्टी रंगभूमी नावाचं काही आहे याचा शोध लागला. आमच्याकडे मात्र रात्रभराचं नाटक बघून सकाळी त्याच कपड्यांत धान कापायला जाणाऱ्यांच्या पिढ्या झाल्या आहेत. हंगामात मावसभाऊ पहाटे घरी येतो, दुपारी उठतो आणि चहा पिऊन पोत्यांच्या खोलीत येऊन बसतो. आमचं रेकॉर्डिंग तेव्हा.

काम सांगायला सोपं आहे. एका भागात एक गाणं घ्यायचं. गाणं लग्नात वाजलेलं हवं, पोराटोरांच्या तोंडी असलेलं हवं, आणि आम्हा दोघांना अथपासून इतिपर्यंत पाठ हवं. मग त्याची झडती घ्यायची. हा नायक निघाला कुठून? याच्या खिशात किती पैसे आहेत? पाऊस एवढा पडतोय तर हिची छत्री कुठं गेली? हे दोघं झाडाभोवती पळताहेत तेव्हा हिच्या घरचे काय करताहेत? प्रश्न गाण्यातल्या माणसांना विचारायचे, कवीला नाही. हा नियम मावसभावाचा. त्याचं म्हणणं, कवीला विचारलं की भांडण होतं, नायकाला विचारलं की हसू येतं.

सुरुवात आम्ही 'झिंगाट'पासून केली, कारण त्याच्याइतकं ओळखीचं दुसरं काही नव्हतं. 'सैराट' 2016 साली आला आणि तेव्हापासून आमच्या भागात या गाण्याशिवाय वरात मांडवात शिरलेली मी पाहिली नाही. अजय-अतुल यांनीच ते लिहिलं, त्यांनीच गायलं. या चित्रपटाच्या संगीतासाठी थेट लॉस एंजेलिसला जाऊन तिथला मोठा वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला होता, अशी माहिती मी अगदी गंभीर आवाजात दिली. मावसभाऊ म्हणाला, "एवढा खर्च केला, तरी पोरगा बांधावरूनच आला."

तिथून आमची गाडी निघाली. गाण्यातला प्रेमवीर आडवाट काढून बांधावरून मुलीच्या घरी पोचतो. चित्रपट करमाळ्याकडचा. तिकडचा बांध कोरडा आणि ऐसपैस, त्यावरून माणूस पळू शकतो. हाच पोरगा जुलै महिन्यात पवनी तालुक्यात निघाला असता तर? रोवणी चालू, दोन्ही बाजूंच्या बांध्या पाण्यानं डबडबलेल्या, मधली पाळ जेमतेम वीतभर, तीही शेवाळलेली आणि दोन-तीन ठिकाणी खेकड्यांनी पोखरलेली. थोडं पुढं गेला की एक चप्पल गाळात. आणखी थोडं पुढं गेला की रोवणाऱ्या बाया त्याला बघतात. रोवणाऱ्या बायांची जीभ ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. कोणाचा कोण, इस्त्रीचा सदरा घालून कुठं निघालास, एवढी चौकशी उभ्याउभ्या होते आणि "आलाच हायस तं त्या पऱ्ह्याच्या पेंड्या इकडं दे" म्हणून त्याला कामाला लावलं जातं. तिच्या अंगणात पोचेपर्यंत पोराचा अर्धा रोज भरलेला, गुडघ्यापर्यंत चिखल. मुलीची आई ओसरीवरून एवढंच म्हणते, "पाय धुवून ये, मंग बोल."

हा भाग चालला. माझ्या दुकानात सातबारा काढायला येणारे लोक कागदाआधी त्याच्याबद्दल बोलायला लागले. एक शेतकरी मात्र नाराज होता. खेकडा पाळ पोखरतो हे बरोबर, पण जुलैत एवढ्या लवकर पाळ फुटत नाही, असं त्याचं म्हणणं. पुढच्या भागात आम्ही त्याचं म्हणणं वाचून दाखवलं आणि खेकड्याची बाजूही मांडली.

मूळ गाणं आम्ही वाजवत नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम 52 टीका आणि समीक्षेसाठी थोडी मोकळीक देतं, पण ॲपमधल्या यंत्राला कलम वाचता येत नाही. त्याला गाण्याचा तुकडा दिसला की ते भाग खाली ओढतं. म्हणून आम्ही वेगळी वाट काढली. गाण्यात काय म्हटलंय ते ग्रामपंचायतीच्या नोटिशीच्या सुरात सांगायचं. 'सर्व ग्रामस्थांना कळविण्यात येते की' असं म्हणायचं आणि एका तरुणाच्या छातीत धडधड होत असल्याची बाब सभेपुढे ठेवायची. सूचक कोण, अनुमोदक कोण, तेही सांगायचं. चाल काढून घेतली की गाण्यातली माणसं एकदम उघडी पडतात. आपण वर्षानुवर्षं ठेक्यावर मान डोलावत काय काय मान्य केलं, ते तेव्हा कळतं. काही गाण्यांत नायक मुलीचा पाठलाग करतोय. ठेका काढला तर तो पोलीस पाटलाकडे न्यायचा मामला आहे. आणि काही गाणी चाल काढून घेतली तरी तशीच उभी राहतात. अशा गाण्यापुढं आमचा भाग फसतो. आम्ही तो टाकतच नाही.

आता शाहिरांकडे येतो, कारण त्यांच्यामुळे हे सगळं बदललं.

ते शेजारच्या गावचे. वय ऐंशीच्या घरात, डोक्याला पांढरा दुपट्टा, हातात कापडी पिशवी. तरुणपणी खडी गंमतीचे शाहीर होते. माझ्या दुकानात ज्येष्ठ कलावंतांच्या मानधनाचा फॉर्म भरायला आले होते. मी त्यांचं आधार कार्ड स्कॅनरवर ठेवलं होतं आणि संगणकावर आमचा 'कोंबडी पळाली'चा भाग तपासायला लावला होता. हे गाणं 2006 च्या 'जत्रा' चित्रपटातलं, लिहिलेलं जितेंद्र जोशी यांनी, संगीत अजय-अतुल यांचं. तीच चाल 2012 साली 'अग्निपथ'मध्ये हिंदीत गेली. आमच्या भागात वाद असा होता, की कोंबडी मराठीतून पळाली ती थेट मुंबईच्या मोठ्या पडद्यावर सापडली, तर मूळ मालकानं तक्रार नोंदवायची कोणत्या ठाण्यात. दुकानातली पोरं हसत होती. शाहीर हसले नाहीत. त्यांनी भाग शेवटपर्यंत ऐकला.

"हे कोन बोलून रायला?"

"आमीच जी. मी न् मावसभाऊ."

"बरं हाय. हासलो मनात." थोडं थांबून म्हणाले, "मंग?"

"मंग का जी?"

"मंग उत्तर कुठी हाय?"

मला काही कळेना. त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली, स्टूल ओढलं आणि फॉर्म बाजूला राहिला.

खडी गंमत ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. भंडारा-गोंदिया भागात भाऊबीजेपासून गावोगावी मंडई भरते. दिवसा बाजार, पाहुणे, लेकीबाळी माहेरी आलेल्या. रात्री दंडार, नाटक किंवा खडी गंमत. ढोलकी, डफ, टाळ, एक शाहीर, मागं झिलकरी, आणि बाईच्या वेशात नाच्या. सगळं उभ्यानं. गण होतो, गौळण होते आणि मग खरी मजा. दुय्यम असली, म्हणजे समोरासमोर दोन पार्ट्या असल्या, तर रात्र कधी सरते ते कळत नाही. एक पार्टी कवन म्हणते, दुसरी त्याची चिरफाड करते. याच्यामागं कलगी-तुऱ्याची जुनी परंपरा आहे: कलगीवाले शक्तीला थोर मानणारे, तुरेवाले शिवाला. वाद आदिमायेपासून सुरू होतो आणि उजाडेपर्यंत समोरच्याच्या धोतरापर्यंत येतो. पोळ्याला बैल तोरणाखाली उभे असताना आमच्याकडे झडत्या म्हणतात, तिथंही हाच प्रकार. एका बाजूनं टोला, दुसऱ्या बाजूनं परतफेड, आणि त्यात सरपंचापासून पंतप्रधानापर्यंत कोणी सुटत नाही.

शाहिरांनी एका दुय्यमीची गोष्ट सांगितली. समोरच्या शाहिरानं रोवणीचं कवन म्हटलं होतं. सुरेख चाल, सुरेख शब्द. काळे ढग, चिखल, बायांची रांग, सगळं. आणि चौथ्या कडव्यात यमक जुळवायच्या नादात धानाच्या लोंब्या डोलायला लागल्या. रोवणीच्या दिवशीच! लोकांच्या ते ध्यानात आलं नाही, टाळ्या पडल्या. यांच्या ध्यानात आलं.

"त्याले तिथंच बोललो असतो, का तुयं चुकलं, तं लोक मले म्हनले असते, खाली बस. चुकी काडनं सोपा हाय, बाबू. मी त्याच चालीवर कवन बांधलं. तिथंच, उभ्याउभ्या. त्याले म्हटलं, बापा, तुह्या बांधीत सकाळी रोवला न् सांजेले लोंबला, तं असं बियानं एक कुडव मलेबी दे, माह्यावर सोसायटीचं कर्ज हाय. त्याच चालीत, त्याच यमकात. मंग लोक हासले. थो शाहीर बी हासला. मंग त्यानं मले उत्तर देल्लं."

"का देल्लं?"

"थे नाई सांगत." पहिल्यांदा हसले. "थे माह्याहून चांगलं होतं."

नंतर फॉर्मवर सही केली. पण जाता जाता जे म्हणाले, ते अजून माझ्या कानात आहे: "तुमी गान्याले हासता, पन गाऊन नाई दाखवत. तुमची पार्टी अर्धीच उभी हाय."

रात्री हे मावसभावाला सांगितलं. तो नाटकाच्या गाडीत बसलेला, आवाज तुटत होता. म्हणाला, म्हातारा बरोबर बोलतो, आणि अमेरिकेतले दोघं हेच करतात. मग त्यानं दुवा पाठवला. 'पंच अप द जॅम' नावाचा एक इंग्रजी विनोदी पॉडकास्ट, 2017 साली सुरू झालेला. मील ब्रेडो आणि डेमी अडेजुयिग्बे हे दोघं तो करायचे. प्रत्येक भागात एक गाजलेलं इंग्रजी गाणं घ्यायचे, ओळ ओळ सोलायचे, खिदळायचे, आणि भागाच्या शेवटी त्याच गाण्याची स्वतः सुधारलेली आवृत्ती गाऊन दाखवायचे. संगीतासकट. मी काही भाग ऐकले. अर्ध्याअधिक गाण्यांशी माझा परिचय नव्हता, तरी शेवटचं गाणं लागलं की आधीच्या सगळ्या चेष्टेला वजन यायचं. ही माणसं नुसती दात काढत नव्हती, त्यांना ते गाणं बांधता येत होतं. कॅलिफोर्नियातले दोन विनोदवीर आणि पवनी तालुक्यातला आधार कार्ड घेऊन आलेला शाहीर यांचा नियम एक निघाला, याचं मला त्या रात्री फार मोठं समाधान वाटलं.

मराठीत हे काही नवीन नाही. आचार्य अत्र्यांनी केशवकुमार या नावानं 1925 साली 'झेंडूची फुले' काढली आणि रविकिरण मंडळाच्या कवींची जी काही दाणादाण उडवली, ती त्या कवींच्याच वृत्तांत आणि त्यांच्याच ऐटीत. ज्याला वृत्त सांभाळता येत नाही त्याला वृत्ताची थट्टा जमत नाही. दुसरे शिरीष कणेकर. 'माझी फिल्लमबाजी'त त्यांनी हिंदी सिनेमाची रंगमंचावर एकट्यानं उभं राहून साल काढली. मी ते ध्वनिमुद्रणावर ऐकलेलं. पोट धरून हसलो. त्याच माणसानं हिंदी चित्रपटगीतांवर 'गाये चला जा' लिहिलं, आणि ते वाचताना कळतं की हा मनुष्य लताबाईंच्या आवाजापुढं अक्षरशः हात जोडून उभा आहे. 2023 च्या जुलैमध्ये कणेकर गेले, त्या दिवशी आम्ही भाग टाकला नाही. मला विचाराल तर मराठीतला पहिला गाण्यांची टर उडवणारा पॉडकास्ट त्यांनीच केला, फक्त तेव्हा त्याला तिकीट होतं.

तर आम्ही उत्तर बांधायला बसलो. 'झिंगाट'लाच. नायकाची बाजू जगानं ऐकली, आता मुलीच्या आईची बाजू, असं ठरलं. मूळ चाल तशीच उचलली तर पुन्हा यंत्र ओरडणार, म्हणून मावसभावानं ठेका तेवढा ठेवला आणि वर झाडीपट्टीच्या नाटकातली पदाची धाटणी चढवली. ऑर्गन पोत्यांवर आडवा ठेवला होता. आईची तक्रार अशी, की ओसरी आत्ताच सारवली आणि जावई चिखलाचे पाय घेऊन आला. कल्पना आम्हा दोघांनाही पटली. शब्द बसेनात. चाल धावती, तिच्यात दम घ्यायला जागा नाही. दोन-तीन अक्षरांचा शब्द टाकला की टपकन बसतो, चार-पाच अक्षरांचा टाकला की गडगडतो. 'ओसरी' बसली, 'शेणसडा' बसेना. मी टेबलावर बोटांनी ठोकत होतो, तो पट्ट्या दाबत होता, आणि पोत्यांतून उंदीर इकडून तिकडं जात होता.

शेवटी मावशी चहा घेऊन आली. थोडा वेळ दारात उभी राहून ऐकलं आणि म्हणाली, "थे आई सारवनाचं कायले रडते? पोरीले विचारल का ह्याले धान रोवता येते का नाई, थे विचारल." झालं. अख्खं कवन फिरलं. आई जावयाची परीक्षा घेते: पेंडी सोडून दाखव, रांग धरून दाखव, वाकून मागं मागं सरक, मग लग्नाचं बघू. मुखडा मावशीनं बोलता बोलताच दिला होता, आम्ही फक्त मात्रा मोजल्या. भागाच्या शेवटी ते गाणं गेलं आणि त्या आठवड्यापासून ऐकणाऱ्यांचे निरोप बदलले. आधी लोक 'लय हसलो' असं कळवायचे. आता स्वतःची कडवी बांधून पाठवायला लागले. काही कडवी छापता येणार नाहीत अशी. ती रोवणाऱ्या बायांनी पाठवलेली असावीत असा माझा अंदाज आहे.

शाहीर दुकानात आले तेव्हा त्यांना ऐकवलं. ऐकून झाल्यावर म्हणाले, दुसऱ्या कडव्यात श्वास चुकीच्या जागी घेतलाय. एवढंच.

कोणत्या गाण्याची खोडी काढावी यावर आमच्यात बरेच वाद होतात. डीजेवर वाजणाऱ्या गाण्यांची टर उडवणं सगळ्यात सोपं. ती गाणारा कुठल्या तरी गावचा पोरगा असतो, घरच्याच खोलीत रेकॉर्ड केलेला, त्याच्या उच्चारावर हसायचं आणि टाळ्या घ्यायच्या. शहरातले काही विनोदवीर यावरच पोट भरतात. आम्हाला ते जमत नाही, कारण त्याचा उच्चार आमचाच उच्चार आहे. आम्हीही पाण्याला पानी म्हणतो. शिवाय तो पोरगा मावसभावाला वरातीत भेटतो, त्याच्या नावानं चहा सांगतो. त्याचं गाणं घेतलं तर उत्तर देणं भाग, आणि त्याला ते द्यायला येईलही. मोठमोठी, पुरस्कार मिळालेली, कोणी बोट लावत नाही अशी गाणी घ्यायला खरी मजा येते. रेडिओवरच्या एका जुन्या भावगीताला आम्ही हात घातला, ज्यात नायिका सगळी रात्र वाट बघत बसते आणि सकाळी तिच्या तोंडून एक तक्रारीचा शब्द निघत नाही. आम्ही तिला एक मोबाईल दिला आणि एक मैत्रीण दिली, बाकी गाणं तसंच ठेवलं. त्यावर गावातले एक निवृत्त गुरुजी दुकानात आले, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले की काही गाण्यांना हात लावायचा नसतो. मी त्यांना खुर्ची दिली. त्यांनी ते संपूर्ण गाणं मला म्हणून दाखवलं, तीनही कडवी, एकही शब्द न चुकता. आवाज थरथरत होता. मी म्हटलं, गुरुजी, आम्हालाही पाठ आहे म्हणूनच घेतलं. ते काही पटल्यासारखे दिसले नाहीत. पण पुढचे भाग ऐकतात, असं त्यांच्या नातवानं सांगितलं.

भीती वाटते का, असंही लोक विचारतात. 2017 साली मुंबईत रेडिओवरच्या मलिष्कानं 'सोनू'च्या गाजलेल्या चालीवर रस्त्यांच्या खड्ड्यांचं गाणं केलं होतं. त्यावर केवढा गदारोळ झाला! पुढं महापालिकेला तिच्या घरी डासांच्या अळ्या सापडल्या आणि नोटीसही निघाली. आमच्याकडे अळ्या शोधायला कोणी येणार नाही. पावसाळ्यात सगळा पवनी तालुकाच बांध्यांत उभा असतो. आमची भीती वेगळी आहे. शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या, रात्री खडी गंमत ठेवायची का डीजे, याचा निर्णय हल्ली डीजेच्या बाजूनं लागतो. बैलांच्या शर्यती न्यायालयानं 2014 मध्ये बंद केल्या आणि डिसेंबर 2021 मध्ये पुन्हा परवानगी मिळाली. पट परत आले. त्यांच्या जोडीच्या दुय्यमी सगळ्या परत आल्या नाहीत. मधल्या वर्षांत काही शाहीर गेले, काहींचे झिलकरी सुरत-हैदराबादला कामाला गेले.

त्यांच्या वह्या मागं राहिल्या. आमच्या शाहिरांची वही मी पाहिली आहे. कापडी बांधणीचं लांबट रजिस्टर, कडांना वाळवीची नक्षी, अक्षर शाईचं, कुठं जांभळ्या पेन्सिलीचं. प्रत्येक कवनावर डाव्या कोपऱ्यात 'चाल' असं लिहून पुढं सिनेमाचं नाव. 'नागिन' 1954 चा. 'जय संतोषी माँ' 1975 चा, त्याच्या आरतीच्या चालीवर चक्क कुटुंबनियोजन. 'कयामत से कयामत तक' 1988 चा, त्याच्या चालीवर हुंडा. कोणता सिनेमा या भागात कधी पोचला, लोकांना त्यातलं काय आवडलं आणि त्या गाण्याला शाहिरानं काय उत्तर दिलं, सगळं त्या कोपऱ्यात आहे. रोवणीच्या दिवशी लोंबलेल्या धानाचं कवनही आहे. आणि त्याच्या खाली समोरच्या शाहिराचं उत्तर त्यांनी स्वतःच्या हातानं उतरवून ठेवलंय. मला ते वाचायला मिळालं. शाहीर खरं बोलले होते, ते जास्त चांगलं आहे.

अशा वह्या भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर इकडच्या कितीतरी घरांत माळ्यावर, पेटीत, धानाच्या ढोल्यामागं पडून आहेत. दर दिवाळीच्या साफसफाईत त्यांतल्या काही रद्दीत जातात. तुमच्या घरी आजोबांची, मोठ्या बाबांची अशी वही असेल तर विकू नका, आणि कोणा अभ्यासकाला मूळ वहीही देऊन टाकू नका. आधी तिच्या प्रत्येक पानाचा, कोऱ्या पानांसकट, मोबाईलवर फोटो काढा. 'चाल' लिहिलेला कोपरा फोटोत कापला जाऊ देऊ नका. फोटो नीट येत नसतील तर वही घेऊन कोंढ्याला या. स्कॅन करून देतो, पैसे घेत नाही. दुकान सकाळी दहाला उघडतं, बुधवारी बंद.